अनुभव कोणाचा, लाभ कोणाचा?

विद्यार्थ्याने शिकत असतानाच कार्यालये व कारखाने पाहावेत, तेथे काही काळ काम करावे आणि मग व्यवसाय निवडावा, असा उपदेश उद्योगपती आज आवर्जून करीत आहेत. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. शिक्षणाची उत्पादनाशी सांगड घालावी ही मागणी १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यातच आहे. परंतु मुलांची कारखान्यातील मजुरी बंद करण्याची मागणीही तेथे तिच्या जोडीलाच आहे. तेव्हा प्रश्न सांगडीचा नसून तिच्या अटी कोण ठरवतो हा आहे.

बंगळूरची इलेक्ट्रॉनिक सिटी १९७० च्या दशकाच्या अखेरीस केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या महामंडळाने कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर परिसरातील सुमारे ३३२ एकरांवर वसवली. सार्वजनिक पुढाकारावर पोसलेल्या कंपन्यांनी विद्यार्थ्यांना दारे उघडणे हा उपकार नव्हे, ती परतफेड आहे.

व्यवहार मात्र उलटा आहे. २०२४ साली केंद्र सरकारने ५०० बड्या कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना इंटर्नशिप देण्याची योजना घोषित केली. दरमहा ५,००० रुपयांपैकी ४,५०० जनतेच्या तिजोरीतून आणि कंपनीचे अवघे ५००! १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांविषयीच्या कायद्याचे कलम १८ तर स्पष्टच सांगते की, शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे. म्हणजे राबताना कामगार, हक्क मागताना विद्यार्थी! नियुक्ती मिळालेल्यांचीही गत वेगळी नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीत मुख्यालय असलेल्या इन्फोसिसने फेब्रुवारी २०२५ मध्ये मैसूर केंद्रातील तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेतील अपयशाचे कारण देऊन घरी पाठवले.

प्रशिक्षणावर खर्च होतो, अशी तक्रार मालक करतात. मग त्यातून तयार होणाऱ्या कौशल्याचा नफा कोणाच्या खात्यावर जमा होतो?

एकाच टेबलाशी सहा महिने बांधलेल्या विद्यार्थ्याला व्यवसायाची ओळख होत नाही. त्याला सर्व विभाग पाहता आले पाहिजेत. अनुभवी कर्मचारी मार्गदर्शक म्हणून लाभला पाहिजे. कामाचे तास, रात्रपाळी व वेतन यांची खरी माहिती, कामगार संघटनेच्या तोंडूनही, मिळाली पाहिजे. लेखी करार, निर्वाहापुरते विद्यावेतन, महाविद्यालयाची देखरेख आणि कायम जागेवर विद्यार्थी न राबवण्याची हमी, या किमान अटी होत. त्या नाकारणारा उद्योग विद्यार्थ्याला भविष्य दाखवीत नाही. तो स्वस्त श्रमाची भरती करतो. विद्यार्थी व कामगार यांनी एकजुटीने या अटी मान्य करून घेतल्या पाहिजेत.