विरळ हवेतील उड्डाण

सांबऱ्याच्या धावपट्टीवरून विमान वर चढते, तेव्हा आपले लक्ष त्याच्या पंखांकडे व यंत्राकडे जाते. ज्या हवेच्या आधाराने ते चढते, तिची आठवण सहसा कोणास होत नाही. हवेचे हे ऋण कळावयाचे असेल, तर मंगळावरील उड्डाणाचा विचार करावा.

मंगळावर वस्तूचे वजन पृथ्वीवरील वजनाच्या सुमारे ३८ टक्केच भरते. तेव्हा तेथे उडणे सोपे असावे, असा प्रथम समज होतो. परंतु तेथील हवेची घनता आपल्या हवेच्या जेमतेम एक टक्का आहे. म्हणजे भार एकतृतीयांशाहून थोडा अधिक उरतो. आधार मात्र शंभरावा हिस्साच!

अशा हवेत १९ एप्रिल २०२१ रोजी ‘इंजेन्युइटी’ नावाचे अमेरिकेचे हेलिकॉप्टर तीन मीटर उंच उडाले आणि ३९ सेकंदांनी सुखरूप उतरले. त्याचे वजन १.८ किलो होते. त्याच्या पात्यांचा व्यास आपल्या वर्गातील छताच्या पंख्याएवढाच, म्हणजे १.२ मीटर होता. पंखा मिनिटास साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो. ही पाती सुमारे अडीच हजार फेरे घेत. मग वेग याहूनही का वाढवू नये? तर मंगळावर ध्वनीचा वेग पृथ्वीवरील वेगाहून कमी आहे, आणि पात्यांची टोके त्या वेगाच्या फार जवळ गेली की उड्डाणात बिघाड होतो.

शिवाय पृथ्वीवरून संदेश पोहोचण्यास कित्येक मिनिटे लागतात. तेवढ्यात उड्डाण संपूनही जाते! म्हणून तोल सांभाळण्याचे काम यंत्रानेच करावयाचे होते. या यंत्राचे मुख्य अभियंते, मद्रासच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी बॉब बलराम यांची मूळ कल्पना सुमारे पंधरा वर्षे बासनात पडून होती. पुढे निर्वात कोठीत मंगळासारखी विरळ हवा ठेवून परीक्षा झाल्या. आरंभीचा नमुना माणसाच्या हाताने हाकता हाकता स्थिर राहीना. तेथे जे चुकले, तेच मंगळावर उपयोगी पडले. पाच उड्डाणांसाठी पाठविलेल्या यंत्राने ७२ उड्डाणे केली. १८ जानेवारी २०२४ रोजी खुणा नसलेल्या वाळूवर त्याच्या कॅमेऱ्यास जमिनीचा अंदाज लागला नाही; उतरताना पाती मोडली व कार्य संपले.

यातून आम्हांस एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. बेळगाव-निपाणी भागातील खेड्यापाड्यांतील शाळांची साधने तोकडी आहेत, हे खरे. परंतु तेवढ्या कारणाने प्रयोगवही फळ्यावरून उतरवून घेण्याचा जो प्रघात पडतो, तो आम्हांस मान्य नाही. उतरवून घेतलेल्या प्रयोगात उत्तर नेहमी बरोबर येते, आणि म्हणूनच त्यातून काही शिकावयास मिळत नाही. तराजू, घड्याळ, दोरा व कागदाचे पाते एवढ्या साधनांवरही पात्याचा आकार बदलला की ते किती वेळात खाली येते, हे मोजता येईल. आलेला आकडा पुस्तकाशी जुळला नाही, तर तो खोडू नये. का जुळला नाही, ते शोधावे.

ज्या हवेत कोणी उडालेले नव्हते, तेथील उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या शेवटी छापलेले नव्हते. असे प्रश्न सोडविणारी मुले आपल्याही वर्गांतून निघावीत, अशी इच्छा असेल, तर आठवड्यातून एक तास तरी प्रयोगशाळेचे कुलूप उघडावे, एवढेच आमचे मागणे आहे.