चाकांचे काटे

चकलीला काटा आला नाही, तर आमच्या घरात दिवाळी आली असे कुणी मानीत नाही. परवा सौ. सोऱ्या घेऊन बसली होती आणि मी नेहमीप्रमाणे पाटावर बसून भाजणीविषयी मते देत होतो. पहिला घाणा उतरला. काटे कसे उभे, टोकदार! मी म्हणालो, "वा! काय काटे आलेत!"

"काट्यांवर भुलू नका," झाऱ्यावर चकल्या निथळीत सौ. म्हणाली. "आधी चावून बघा. तुमच्या टायरांनाही असेच काटे होते."

मी गप्प बसलो. ती गोष्ट आमच्या घरात दोन वाक्यांपलीकडे कुणी नेत नाही. पण या सदराचे वाचक घरचेच आहेत. त्यांच्यापासून काय लपवायचे?

पेन्शनीत निघाल्यावर मी एक जीपवजा गाडी घेतली. चारही चाकांना इंजिनाचे बळ मिळते, अशी. पुण्यात हिचे काय काम, असे शेजारी विचारीत. पण आमचे मूळ गाव भोरच्या पलीकडे, हिरडस मावळात. डांबरी सडक संपल्यानंतरचे शेवटचे दोन किलोमीटर पावसाळ्यात रस्ता म्हणवत नाहीत. ते भाताचे खाचरच असते. २०२२ च्या आषाढात तिथे माझी गाडी रुतली. चारही चाके जागच्या जागी गरगरत होती आणि गाडी तसूभर हलेना. शेवटी चुलतभाऊ अण्णा बैलजोडी घेऊन आले. गाडी बाहेर निघाल्यावर त्यांनी टायरवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "आरं, ह्ये चाक न्हाई ऱ्हायलं, लाटणं झालंया!"

अण्णांचे निदान अचूक होते. शहरी टायरच्या खाचा बारीक असतात. चिकण माती त्यांत एकदा भरली की चाक गुळगुळीत होते, आणि गुळगुळीत चाकाला इंजिनाने कितीही जोर दिला तरी ते फक्त फिरते. चिखलासाठी ठोकळे मोठे आणि त्यांच्यामधल्या खाचा रुंद हव्यात. म्हणजे चाक फिरता फिरता चिखल आपोआप उडून जातो आणि ठोकळ्याची कड जमीन धरते.

दुसऱ्या दिवशी मी टायरच्या दुकानात. दुकानदाराने तीन प्रकार दाखवले. एक डांबरी रस्त्याचा; शांत, टिकाऊ. दुसरा मधला; रस्त्यावरही बरा आणि मातीतही बरा. तिसरा खास चिखलाचा. त्याचे ठोकळे पाहून मला गदा आठवली! वर दुकानदाराने टायरच्या अंगावरची 'एम प्लस एस' ही अक्षरे दाखवली. "चिखल आणि बर्फ, दोन्हींची हमी!" तो म्हणाला. झाले! मी तिसरा घेतला, तोही नेहमीपेक्षा रुंद. सोसायटीच्या आवारात गाडी उभी केली की पोरे भोवती जमत. माझी मान ताठ होई.

चिखलात त्या टायरांनी नाव काढले, हे खरेच. त्या श्रावणात ३२ पौंडांची हवा २० वर आणून मी ते दोन किलोमीटर एका दमात पार केले. हवा कमी केली की टायर जमिनीवर जरा पसरतो आणि पकड वाढते. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरून घ्यायची, एवढे मात्र विसरायचे नाही. अण्णांनीही मान डोलावली. त्यांची मान डोलल्यावर माझ्या डोक्यात हवा गेली, ती काही कुणी कमी केली नाही.

२०२३ च्या जानेवारीत मुलगी, जावई आणि चार वर्षांची नात यांना घेऊन आम्ही मनालीला गेलो. पुण्याहून एवढ्या लांब गाडी हाकीत नेण्याचे खरे कारण एकच: मला ते टायर मिरवायचे होते. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाल्यापासून रोहतांगची खिंड न चढता डोंगराच्या पोटातून नऊ किलोमीटर जाऊन लाहौलात उतरता येते. आदल्या रात्री बर्फ पडला होता. पोलिसांनी गाडीची चाके पाहून आम्हाला सोडले आणि मी मिशीतल्या मिशीत हसलो. जाताना काही अडले नाही.

परतताना चार वाजले. बोगद्यातून बाहेर पडून सोलंगकडे उतार लागला. दिवसभर गाड्यांनी दाबलेला, उन्हाने थोडा वितळलेला बर्फ सावलीत पुन्हा गोठून फरशीसारखा झाला होता. पुढे वळणावर एक मोटार आडवी झालेली. मी ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थरथरले, पण गाडी थांबली नाही. वेग माणसाच्या चालीइतकाच, पण थांबेना! चाक डोंगराकडे फिरवले, तरी ती सरळच चालली. दुसऱ्या अंगाला दरी. सौ.ने माझा दंड धरला. कुणी ओरडले नाही. ती शांतता मला अजून ऐकू येते. मग पुढचे चाक कडेला लोटलेल्या बर्फाच्या ढिगात शिरले आणि गाडी उभी राहिली. मागच्या सीटवर नात झोपली होती. ती जागीही झाली नाही.

एक टॅक्सीवाला खाली उतरत होता. त्याच्या चिमुकल्या गाडीचे टायर अरुंद, वर साखळ्या चढवलेल्या. त्याने आमची चाके पाहिली आणि हिंदीत म्हणाला, "साहेब, ढकलायला तुमच्या गाडीला चार चाके, माझ्या गाडीला दोन. पण थांबायला दोघांनाही चारच!" मग त्याने एका जीपवाल्याकडून आमच्या मापाच्या साखळ्या मिळवून दिल्या, बसवल्या, थोडे अंतर चालवून पुन्हा ताणून घट्ट केल्या, आणि आम्ही खळखळत खाली आलो.

असे का झाले, हे म्युनिकला असलेल्या माझ्या भाच्याने फोनवर समजावले. चिखल आणि बर्फ यांची मागणीच उलटी! चिखल खाचेतून उडून गेला पाहिजे. बर्फ मात्र खाचेत धरून ठेवायचा असतो, कारण बर्फाला बर्फच चांगला चिकटतो. म्हणून बर्फाच्या टायरवर किसणीसारख्या असंख्य बारीक चिरा असतात. माझ्या टायरच्या मोठ्या ठोकळ्यांना धरायला कडाच थोड्या! मऊ, खोल बर्फात ते चाललेही असते. दाबलेल्या बर्फावर नाही. दुसरी गोष्ट रबराची. पारा ७ अंशांखाली गेला की साधे रबर थंडीतल्या खोबरेल तेलासारखे घट्ट होऊ लागते. बर्फाच्या टायरचे रबर थंडीतही मऊ राहील असेच बनवतात. फिनलंडमध्ये १९३४ साली मालमोटारींसाठी असा पहिला टायर निघाला.

आणि ती 'एम प्लस एस' अक्षरे? ती कारखानदाराने नक्षी पाहून स्वतःच घातलेली असतात. त्यामागे बर्फावरची परीक्षा असेलच असे नाही. परीक्षा दिलेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असे चित्र असते. ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर मोटारीला या चित्राचाच टायर लागतो. आपल्याकडच्या दुकानांत तो क्वचितच दिसतो. म्हणून आपला आधार साखळ्यांचा.

रुंदीचे गणित तर मला बैलगाडीनेच शिकवायला हवे होते. तिची अरुंद लोखंडी धाव चिखल कापून खालच्या कठीण जमिनीला टेकते. खाली घट्ट तळ असेल, तर चिखलात काय नि बर्फात काय, अरुंद चाक बरे. तळच लागणार नसेल, तिथे रुंद.

आता माझ्या गाडीला मधले टायर आहेत, कंपनीने सांगितलेल्या मापाचे. वर्षातले साडेअकरा महिने ती डांबरावर धावते, हे मी कबूल केले आहे. विकत घेताना टायरच्या अंगावरचे शेवटचे चार आकडे वाचतो: ३२२५ म्हणजे २०२५ सालचा ३२ वा आठवडा. खाच १.६ मिलिमीटर उरेपर्यंत कायदा चालू देतो. मी चिखलात जाण्यापूर्वी त्याच्या दुप्पट तरी पाहतो. बर्फात जायचे झाले, तर त्या भागातला चालक आणि त्याचीच गाडी घेतो. दुकानात आता मी हा टायर कुठवर चढेल, असे विचारीत नाही. उतारावर गाडी कशी थांबवील, ते विचारतो. दुकानदार जरा चमकून बघतो, बघू दे.

सौ.ने पुढे केलेली चकली मी चावून पाहिली. आतपर्यंत खुसखुशीत होती. नात म्हणाली, "आजोबा, आणखी एक?" मी तिच्या हातावर दोन ठेवल्या.