कलम ४८ चा पहिला अर्धा भाग कोण वाचणार?

सिन्नर तालुक्यातील एक भूमिहीन कुटुंब परवा सल्ल्यासाठी आले होते. कर्ज काढून संकरित गाय घेतलेली. चार वेळा कृत्रिम रेतन केले, चारही वेळा गाय उलटली. माज दर २१ दिवसांनी येतो. म्हणजे जवळजवळ तीन महिने वैरण गेली, हप्ते थकले. रेतन करणाऱ्याचे एकच उत्तर, गायीतच दोष आहे. गरिबाच्या दारात दोष नेहमी गायीचा, नाहीतर गायवाल्याचा! वळूच्या वीर्यात दोष असू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

गाय उलटण्याची कारणे अनेक असतात. माज ओळखण्यात चूक, खुराकात खनिजांची कमतरता, गर्भाशयाचा आजार. पण जंतुदूषित वीर्य हेही एक कारण आहे. वळूच्या अस्वच्छ अंगातून, नीट न धुतलेल्या उपकरणांतून, हाताळणाऱ्याच्या हातातून जंतू वीर्यात शिरतात. वीर्य पातळ करण्यासाठी अंड्याचा बलक वापरतात, तो जंतूंनाही पोसतो. म्हणून त्यात प्रतिजैविके घालतात, तरी त्यांना दाद न देणारे जंतू उरतात. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये सगळे जंतू मरतात, हा समज खोटा आहे. ज्या थंडीत शुक्राणू टिकतात, त्याच थंडीत अनेक जंतूही टिकतात.

केंद्र सरकारच्या किमान मानकांनुसार गोठित वीर्यात मिलिलिटरमागे ५,००० पेक्षा जास्त जिवाणू चालत नाहीत. वळूंची क्षय, ब्रुसेल्ला वगैरे रोगांसाठी तपासणीही बंधनकारक आहे. ब्रुसेल्ला तर माणसालाही होतो. गाय गाभडली की वार उचलणारी बाई आपल्याच वस्तीतली असते, हे विसरू नये.

राज्यघटनेच्या कलम ४८ मधील गोहत्याबंदी सर्वांना पाठ आहे. २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदी कडक झाली. पण त्याच कलमाची सुरुवात पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने करण्यापासून होते. ती कोणत्या मोर्चात ऐकलीत? राज्याने गोजातीय प्रजनन नियमनाचा कायदा केला तो २०२३ साली! आता त्या कायद्याखाली प्रत्येक तुकडीचा जिवाणू तपासणी अहवाल गायवाल्याला मागताक्षणी मिळाला पाहिजे.

तोवर एवढे करा. रेतनाच्या नळीवर वळूचा क्रमांक, केंद्राची खूण व तारीख छापलेली असते. रिकामी नळी फेकू देऊ नका. पैसे दिले तर पावती घ्या, कारण पैसे देऊन घेतलेल्या सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येते. नळी सरकारी केंद्राची असेल तर त्या तुकडीचा अहवाल माहिती अधिकारात मागा.

त्या कुटुंबाकडे चारपैकी एकही नळी उरलेली नाही. आधी गायीची पिशवी पशुवैद्यकाकडून तपासून घ्या आणि पाचवी नळी जपून ठेवा, इतकेच त्यांना सांगता आले.