उचलीचा हिशेब होतो, बैलाचा कधी?

पाथर्डी हा पर्जन्यछायेतला तालुका. नुसत्या जिरायतीवर घर चालत नाही, म्हणून दसरा-दिवाळी झाली की वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीसाठी कोयते बाहेर पडतात. ज्यांची गाडी आहे त्यांचे बैलही सोबत निघतात. उन्हाळ्यात टोळी परतते तेव्हा आगाऊ घेतलेली उचल किती फिटली, याचा हिशेब होतो. बैलाचा हिशेब कोणी मांडत नाही. तो खंगलेला दिसला तर ‘ओझ्याने झिजला’ म्हणून सोडून दिले जाते. ओझ्याने बैल झिजतो, हे खरेच. पण पाच-सहा महिने बागायती पट्ट्यात कालव्याच्या पाण्यावर राहिलेल्या बैलाच्या यकृतात चपटा जंत तर नाही ना, हे न पाहता तेवढ्यावर थांबणे चूक आहे.

फॅशिओला नावाचा हा जंत पानाच्या आकाराचा असतो. त्याची अंडी पित्तातून आतड्यात येतात आणि शेणावाटे बाहेर पडतात. पाणी मिळाले तरच ती उबतात. अंड्यातून निघालेल्या अळीला लिम्निया जातीची गोड्या पाण्यातली गोगलगाय गाठावी लागते. तिच्या अंगात एकीच्या अनेक अळ्या होतात, बाहेर पडतात, काठच्या गवताला चिकटतात आणि कवच धरतात. ते गवत किंवा ते पाणी बैलाच्या पोटात गेले की चक्र पुरे झाले. कोरड्या माळावर हे घडत नाही. चारीच्या कडेला, पाझरून झालेल्या पाणथळीत ते सहज घडते. कोरडवाहू गावचा बैल हंगामभर नेमका तिथेच बांधलेला असतो.

पोटात गेलेले कोवळे जंत आतड्याची भिंत भेदून यकृतात शिरतात आणि कित्येक आठवडे त्याचा गर पोखरत पित्तनलिकांपर्यंत जातात. या काळात रक्त तपासले तर यकृताचे दुखणे आकड्यांत दिसते. पेशी फुटल्याने एएसटी वाढते, पुढे पित्तनलिका सुजल्या की जीजीटी वाढते. शेणात मात्र लागण झाल्यापासून तीन-चार महिने अंडी सापडत नाहीत. यकृत हा सोशिक अवयव आहे. बराच भाग निकामी झाला तरी उरलेला भाग काम ओढत राहतो. पापणीचा आतला भाग पांढरा पडतो, रक्तातले अल्ब्युमिन घटून जबड्याखाली पाणी उतरते, तेव्हा कुठे मालकाच्या लक्षात येते. तोवर फार उशीर झालेला असतो.

जंताचे औषध पाजले आहे, म्हणून निर्धास्त राहता येत नाही. बरीच औषधे पित्तनलिकेतल्या वाढलेल्या जंतावरच चालतात. कोवळ्या जंतावरही चालणारे औषध म्हणजे ट्रायक्लाबेंडाझोल. कोणते औषध, किती आणि केव्हा, हे पशुवैद्यकानेच ठरवायला हवे.

हा जंत माणसालाही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 70 हून अधिक देशांत किमान 24 लाख लोकांना त्याची लागण आहे. भारतात माणसांतल्या नोंदी क्वचितच्या आहेत. नीट शिजवलेल्या कलेजीतून तो होत नाही. पाण्यात उगवणारी भाजी कच्ची खाल्ली किंवा दूषित पाणी प्यायले, तर होऊ शकतो. ताप येतो, उजव्या बरगडीखाली दुखते, रक्तात इओसिनोफिल पेशी वाढतात. म्हणून ऊसतोड टोळ्यांच्या अड्ड्यावर माणूस आणि बैल एकाच चारीवर पाणी भागवतात, ही गोष्ट साधी समजू नये.

हे ज्ञान नवे नाही. 1879-80 च्या सुमारास इंग्लंडात या रोगाने लाखो मेंढ्या गेल्या. त्यानंतर ऑक्सफर्डचे थॉमस आणि लाइपझिगचे ल्यूकार्ट यांनी स्वतंत्रपणे काम करून 1883 पर्यंत गोगलगायीचे हे कोडे सोडवले. एवढ्या वर्षांत ते उसाच्या फडापर्यंत पोहोचायला हवे होते.

मागणी मोठी नाही. साखर कारखान्यांनी आणि पशुसंवर्धन विभागाने मिळून हंगामाच्या मध्यावर अड्ड्यांवर जनावरांची तपासणी करावी आणि खंगणाऱ्या बैलाचे रक्त तपासावे. अड्ड्यावर माणसांसाठी पिण्याचे स्वच्छ पाणी आणि बैलांसाठी वेगळा हौद असावा. टोळ्या परतल्यावर तालुक्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांनी प्रत्येक बैलाची शेणतपासणी करून औषध द्यावे. एव्हाना अंडी दिसू लागलेली असतात, त्यामुळे ही वेळ नेमकी आहे. मृगाच्या आधी हे झाले नाही, तर तेच शेण पावसाबरोबर आपल्याच पाझर तलावांत आणि बंधाऱ्यांत उतरेल. तिथे गोगलगाय असेल, तर मग जंत लागायला गाव सोडण्याचीही गरज उरणार नाही.