यंत्र नवे, हिशेब जुना

कंधारसारख्या तालुक्याच्या गावी मोंढ्यातील आडत असो वा पेठेतील कापडाचे दुकान, गल्ल्याशेजारी आता टचस्क्रीनचे बिलिंग यंत्र दिसू लागले आहे. बोट टेकवताच बिल निघते. यंत्राचा कस मात्र प्रणाली बदलताना लागतो. यंत्राची मूळ प्रणाली आणि तिच्यावर चालणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक नवी केली म्हणजे दुसरी आपोआप जुळतेच असे नाही.

मायक्रोसॉफ्टच्या टचस्क्रीन मेजाची हकीकत या बाबतीत बोधप्रद आहे. २००७ साली कंपनीने ‘सरफेस’ नावाचे मेज जाहीर केले. ३० इंची पडद्याखालचे पाच इन्फ्रारेड कॅमेरे बोटांची हालचाल टिपत. प्रणाली विंडोज व्हिस्टाची होती. हॉटेलांसाठी व दुकानांसाठी त्यावर खास ॲप्लिकेशन्स तयार झाली. २०११ मध्ये सॅमसंगने बनवलेली ४० इंची दुसरी आवृत्ती जाहीर झाली. कॅमेरे जाऊन पडद्यातच संवेदक आले आणि प्रणाली विंडोज ७ झाली. जुनी ॲप्लिकेशन्स नव्या मेजावर जशीच्या तशी चालेनात. त्यांचा मूळ प्रोग्रॅम दुरुस्त करून ती पुन्हा बांधावी लागली.

व्यापाऱ्यांपुढे हाच प्रश्न अलीकडे उभा राहिला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित विनामूल्य सुरक्षा-अद्यतने थांबली. नेमके सोयाबीनच्या आवकेचे आणि दिवाळीचे दिवस. जुनी प्रणाली बंद पडत नाही, पण तिच्यात नव्याने सापडणारी छिद्रे उघडीच राहतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या, तेव्हा ते छिद्र बुजवणारे अद्यतन मार्चमध्येच निघालेले होते. दिरंगाई महाग पडते, हे त्यावरून दिसते. घाईही तितकीच महाग पडू शकते.

म्हणून बदल क्रमाने करावा. सॉफ्टवेअर, टचस्क्रीन, प्रिंटर व वजनकाटा नव्या प्रणालीवर चालतील काय, हे विक्रेत्याकडून आधी लेखी घ्यावे. सर्व हिशेबांचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेऊन तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. न उघडलेला बॅकअप भरवशाचा नव्हे. काम हंगाम ओसरल्यावर, तंत्रज्ञ गावात असताना करावे आणि जुने यंत्र निदान एक महिना मोडीत काढू नये.

जुन्या वर्षांचे हिशेबही नव्या यंत्रावर उघडले पाहिजेत. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. लाल कापडात बांधलेली वही वर्षांनंतरही सोडून वाचता येते. संगणकातील वही तशी वाचता येते की नाही, हे दरवर्षी वहीपूजनाच्या आधी एकदा उघडून पाहावे.