विकलेली चव

१९७७ साली कोका-कोलाने भारतातून गाशा गुंडाळला. परदेशी भांडवल ४० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची अट तिला मानवली नाही. सरकारी ‘मॉडर्न’ने तेव्हा ‘डबल सेव्हन’ काढले. परंतु जनता सरकारचे दिवस सरले, तसे त्याचेही सरले. सरकारी आश्रयावरची स्वदेशी सरकारइतकीच टिकते! पारले मात्र स्वबळावर वाढली. थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट आणि जिऱ्याच्या आगळ्या चवीचे ‘रिमझिम’ ही तिचीच अपत्ये.

१९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि तिने पारलेची ही पेये चक्क विकत घेतली. फँटासाठी गोल्ड स्पॉटचा बळी गेला. रिमझिम अडगळीत पडले. पुढे जिऱ्याला गिऱ्हाईक आहे हे उमगल्यावर त्याच कंपनीने ते पुन्हा बाजारात आणले. जिरे आपले, जीभ आपली, नफा मात्र अटलांटाचा! ग्राहकाने ही पेये नाकारली नव्हती. मालकाने ती विकली होती.

बीड जिल्ह्याने हे ध्यानी घ्यावे. येथील मजूर परमुलखात ऊस तोडतो. त्या उसाची साखर होते आणि गोड पाण्याची बाटली टँकरची वाट पाहणाऱ्या त्याच्याच गावात विकली जाते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा गर उद्या कोणाच्या नावाने विकला जाणार? शेतकऱ्यांच्या मालकीचे प्रक्रिया उद्योग उभे राहिले नाहीत, तर उत्तर रिमझिमने देऊन ठेवलेच आहे. स्वदेशी म्हणजे परकी बाटली फोडणे नव्हे. आपले नाव न विकणे होय.