धावण्यात पास, कागदात नापास



पोलीस भरतीची जाहिरात निघाली की एक वाक्य कचेरीत, स्टँडवर, चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येतं. "आदिवासींसाठी ७ टक्के जागा ठेवल्यात, पण पात्र उमेदवारच मिळत नाहीत." कन्नड, सोयगाव, सिल्लोड, खुलताबाद, कुठंही जा, हेच. हे वाक्य खोटं आहे. आमची पोरं मैदानावर अपात्र ठरत नाहीत. त्यांना अपात्र करायचं काम त्याच्या कितीतरी आधी गावात झालेलं असतं. रखडलेल्या वनदाव्यात, न मिळालेल्या दाखल्यात आणि जंगलखात्याने ठोकलेल्या केसमध्ये ते झालेलं असतं. म्हणून जमिनीची लढाई वेगळी आणि नोकरीचा फॉर्म वेगळा असं आम्ही मानत नाही.

आधी नियम काय आहेत ते नीट बघू. पोलीस शिपाई व्हायचं तर बारावी पास पाहिजे. वय १८ ते २८, आपल्याला ३३ पर्यंत. उंची पोरांना १६५ सेंटीमीटर, पोरींना १५५. पोरांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंटीमीटर वाढली पाहिजे. मैदान ५० गुणांचं. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, मग दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. त्यात निम्मे गुण पाहिजेत. त्यातून एका जागेमागे दहाजण लेखी परीक्षेला बोलावतात. लेखी १०० गुणांची: गणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण. तिथं किमान ४० टक्के. फौजदार व्हायचं तर पदवी आणि लोकसेवा आयोगाची परीक्षा. संभाजीनगर शहराचं आयुक्तालय आणि ग्रामीण अधीक्षक यांची भरती वेगवेगळी असते, हेही ध्यानात ठेवा.

आता सांगा, यात आमची पोरं कुठं कमी पडतात? जी पोरगी रोज घाट चढून-उतरून शाळेत गेली, तिला ८०० मीटर पळायला कोण शिकवणार? जो पोरगा ऊसतोडीच्या फडात बापाबरोबर मोळ्या वाहतो, त्याला गोळा जड होतो का? लेखीला क्लास लागतो, पुस्तकं लागतात, शहरात खोली लागते. ते आमच्याकडं नाही, हे खरं. पण ती गरिबी आहे, नालायकी नव्हे.

पहिला अडसर मोजपट्टीचा. १६५ ची पट्टी सगळ्यांना एकच, ही समानता आहे असं साहेब लोक म्हणतात. मग याच महाराष्ट्र सरकारच्या वनरक्षक भरतीचे नियम बघा. तिथं इतर पोरांना १६३ सेंटीमीटर लागतात, पण आदिवासी पोराला १५२.५ चालतात. पोरींना १५० च्या जागी १४५. शिक्षणही इतरांना बारावी आणि आदिवासीला दहावी. केंद्राच्या सुरक्षा दलांत जवान भरताना इतर पोरांना १७० आणि आदिवासीला १६२.५. म्हणजे आदिवासी पोराची उंची कमी भरते हे सरकारला चांगलं ठाऊक आहे. जंगलात हिंडायला आमचा साडेबावन्नचा पोरगा चालतो, मग ठाण्यात उभा राहायला का चालत नाही? नक्षलग्रस्त भागासाठी काही सवलती आहेत, आपला जिल्हा त्यात नाही. पाचव्या अनुसूचीतही नाही, म्हणून पेसाही नाही. उंची काय पोरानं आळस केला म्हणून खुंटत नाही. आईच्या पोटात असताना आई उपाशी होती, तिथं ती खुंटते. ज्या सरकारला ती भूक थांबवता आली नाही, त्यानं पट्टी घेऊन उभं राहायचं आणि दोन बोटं कमी म्हणून घरी पाठवायचं, हा कुठला न्याय?

दुसरा अडसर कागदाचा. राखीव जागेवर नोकरी पक्की व्हायची तर जमातीचा नुसता दाखला पुरत नाही, त्याची वैधता लागते. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, कारण त्या तारखेला राष्ट्रपतींचा जमातींचा आदेश निघाला. आता विचार करा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. दफ्तर उर्दूत. आमचा आजा शाळेत गेला नाही, त्याच्या नावानं सातबारा नाही, कारण ज्या जमिनीवर तो राबला ती सरकारनं जंगल म्हणून लिहून घेतली. आधी जमीन कागदावर येऊ दिली नाही, आणि आता कागद नाही म्हणून जमात मान्य नाही! पोरगा दाखल्यासाठी हेलपाटे मारतो आणि तिकडं वय ३३ कडं सरकत राहतं.

याच्या उलट वनहक्क कायदा, २००६ बघा. त्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदनही पुरावा म्हणून धरलं आहे. जुनी विहीर, बांध, देवाचं ठिकाण, स्मशान, या खुणाही पुरावा आहेत. एकापेक्षा जास्त पुरावे एकत्र ठेवायचे आणि ग्रामसभेनं त्यावर ठराव करायचा. हा कायदा आपल्या म्हाताऱ्यांच्या शब्दाला किंमत देतो. म्हणून आम्ही म्हणतो की वनदाव्याची फाइल नुसती जमिनीची फाइल नाही. आपण कोण आणि इथं कधीपासून आहोत, याची ती गावानं लिहिलेली साक्ष आहे.

आणि कागदाची ही कडक चाळणी खोट्यांना अडवते म्हणाल, तर तेही नाही. खोट्या दाखल्यावर मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाही, असं सुप्रीम कोर्टानं ६ जुलै २०१७ ला सांगितलं. त्यानंतर आदिवासींच्या १२,५०० जागांचा विषय पुढं आला, आणि २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयानं त्या जागांवरच्या लोकांना घरी न पाठवता अधिसंख्य पदांवर बसवलं. २०२४ साली पोलिसांच्या १७,४७१ जागांची भरती निघाली, १९ जूनपासून ऐन पावसात मैदान झालं. ७ टक्क्यांनी हिशेब केला तर आमच्या वाट्याला बाराशेच्या वर जागा येतात. आणि इकडं सगळ्या खात्यांत मिळून साडेबारा हजार! पात्र उमेदवार मिळत नाहीत म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा मोठ्यानं वाचावा.

तिसरा अडसर सगळ्यात वाईट, कारण तो अगदी शेवटी पुढं येतो. मैदान झालं, लेखी झाली, यादीत नाव आलं, पेढे वाटले. मग चारित्र्य पडताळणी येते. साक्षांकन नमुन्यात विचारतात: तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का? आणि आमच्या पोराच्या नावावर निघतो वनगुन्हा. बापाबरोबर पेरणीला गेला, तेव्हा अतिक्रमण म्हणून बापाबरोबर त्याचंही नाव लिहिलं. मोर्चात घोषणा दिल्या, त्याचा गुन्हा. सरपणाची मोळी आणली, त्याचा पंचनामा. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ ला झालं. त्याच्या कडेच्या वस्त्यांना हे वेगळं सांगायला नको.

कायदा काय म्हणतो? वनहक्क कायद्याचं कलम ४(५) सांगतं की दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणाला जमिनीवरून हटवता येत नाही. मग दावा पडून असताना त्याच जमिनीवर पेरणी केली म्हणून पोरगा गुन्हेगार कसा? दावा कचेरीनं रखडवायचा, केस खात्यानं टाकायची आणि नोकरी पोरानं गमवायची! हे तिन्ही हात एकाच सरकारचे आहेत.

आपल्यातले वडीलधारे आम्हाला विचारतात, "पोरांनो, पोलिसात जायचंच कशाला? काठी त्यांचीच आणि पाठ आपली." या प्रश्नाला टाळाटाळ करून चालणार नाही. कन्नडच्या घाटाला ज्याचं नाव आहे त्या औट्रम साहेबानं १८२५ साली खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली. कालपर्यंत ज्यांना लुटारू म्हणून जंगलात हुडकत होते, त्यांनाच वर्दी दिली. गरज सरकारची होती तेव्हा पात्रता एका दिवसात तयार झाली! पण १८३० मध्ये तीच पलटण डांगातल्या भिल्लांवर चालून गेली. म्हणजे आजोबांची भीती खरी आहे. नुसता आपला माणूस वर्दीत गेला म्हणून वर्दी आपली होत नाही.

तरीही आम्ही म्हणतो, जायचं. ठाण्यात आमच्या बाईची फिर्याद तिच्या बोलीत समजून घेणारं कोणी पाहिजे. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवताना कलम माहीत असणारा पाहिजे. वनहक्काचा दावा चालू असलेल्या माणसाला अतिक्रमणवाला म्हणण्याआधी थांबणारा पाहिजे. पण जो जाईल त्यानं ग्रामसभेत बसून, कायदा शिकून जावं. गाव विसरून मिळवलेली नोकरी आम्हाला नको.

आमच्या मागण्या अशा:

१. वनरक्षक भरतीप्रमाणे पोलीस भरतीतही आदिवासी पोरापोरींना उंचीत सूट द्या.

२. वनदावा प्रलंबित असताना त्याच जमिनीवरून झालेले वनगुन्हे मागं घ्या, आणि चारित्र्य पडताळणीत ते धरू नका.

३. दाखला आणि वैधता आश्रमशाळेतच, बारावीच्या आत हातात द्या. ग्रामसभेचा ठराव आणि वनदाव्याची फाइल पुराव्यात धरा.

४. खोट्या दाखल्यांनी अडवलेल्या जागा खऱ्या आदिवासींमधून भरा.

५. पोलीस प्रशिक्षणात वनहक्क कायदा नीट शिकवा.

सरकार हे उद्या देईल अशा भ्रमात आम्ही नाही. तोवर प्रत्येक गावानं आपली कामं करायची:

दावा दिल्याची पोच जपून ठेवा, तिच्या झेरॉक्स घरातल्या प्रत्येक पोरापोरीच्या फाइलला लावा. दाखल्याचं काम दहावीतच सुरू करा, जाहिरातीची वाट बघू नका. घरात कोणावर वनगुन्हा असेल तर त्याची नक्कल आणि निकालाचा कागद काढून ठेवा. खात्याच्या माणसानं कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही-अंगठा मागितला तर देऊ नका.

आणि साक्षांकन नमुन्यात गुन्हा लपवू नका. लपवलं तर गुन्ह्यापेक्षा लपवल्याचीच शिक्षा मोठी होते. सुप्रीम कोर्टानं २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सांगितलं आहे की माहिती खरी द्यायची. तरुणपणी दिलेल्या घोषणा किंवा तसला किरकोळ गुन्हा असेल तर नेमणारा अधिकारी तो सोडून देऊ शकतो. हा अधिकार त्याच्या हातात राहतो, म्हणून खरं लिहायचं आणि सोबत दाव्याची पोच व ग्रामसभेचा ठराव जोडायचा. गुन्हा १८ वर्षांच्या आतला असेल तर बालन्याय कायद्याचं कलम २४ दाखवा. अगदी गंभीर गुन्हे सोडले तर त्या वयातल्या गोष्टीवरून कोणाला अपात्र ठरवता येत नाही.

पुढच्या ग्रामसभेत हा अंक वाचून दाखवा. भरतीला बसणाऱ्या पोरापोरींची यादी करा, कोणाचा कोणता कागद अडलाय ते नावासमोर लिहा आणि ती यादी वनहक्क समितीकडं द्या. मग आपण एकेकटे हेलपाटे न मारता सगळे मिळून प्रांत कचेरीवर जाऊ. एकट्याला "उद्या ये" म्हणतात. शंभरजण दारात बसले की उद्याची तारीख आजवर येते.

जमीन आमची, जंगल आमचं. आता ठाण्यातल्या खुर्चीवरही आमचा हक्क आहे, आणि तो आम्ही घेणार.

जोहार! जिंदाबाद!